मागच्या दारातली आडवी फळी

रविवार, २ फेब्रुवारी

आला. येणार नाही अशी माझी खात्री होती, पण सकाळी फाटक वाजलं आणि बघतो तर जावई. एका हातात हत्यारांची पेटी, दुसऱ्या हातात स्वतःच्या चहाचा थर्मास. म्हणजे आमच्याकडचा चहासुद्धा नको!

बोलावलं हिनं. मला न विचारता. म्हणे, मागच्या दाराचं काहीतरी करायलाच हवं, कुणीतरी पडेल. ते खरंच आहे. मागचं दार उघडलं की पुढे काही नाही, खाली कमरेइतका खड्डा. तिथला जुना डेक, म्हणजे लाकडी ओटा, मी हलक्या लाकडाचा केला होता, तो कुजला आणि ऑक्टोबरात माझा पाय त्यातून आरपार गेला. तेव्हा जावई म्हणाला होता, "बाबा, आता असा करू की नातवंडं नाचली तरी हलणार नाही." आमच्या पोरीला, खारूला, तेव्हा दिवस गेलेले होते. नोव्हेंबरात त्यानं जुना डेक उखडून नेला, आणि डिसेंबरात ते झालं. सहावा महिना होता.

त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही, म्हणून इथेही जास्त लिहीत नाही. एवढंच, की खारू इस्पितळातून घरी गेली तर पाळणा जागेवर नव्हता. जावई तंत्रशाळेत लाकूडकाम शिकवतो, पाळणा त्यानं स्वतः केला होता. "कुठे गेला?" तिनं विचारलं, तर हा गप्प. दुसऱ्या दिवशी कामावर गेला. खारू दोन बॅगा घेऊन इकडे आली ती अजून वरच्या खोलीत आहे.

मी त्याला स्पष्ट सांगितलं. बागेतून यायचं, बागेतून जायचं, घरात पाऊल टाकायचं नाही. मागच्या दारात मी कमरेच्या उंचीवर एक फळी आडवी ठोकली आहे, कुणी चुकून बाहेर पाऊल टाकू नये म्हणून. तो "हो" म्हणाला आणि मापं घ्यायला लागला. वर खारूची खिडकी धाडकन बंद झाली. पोरीला किती त्रास होत असेल! मला त्या क्षणी त्याला पेटीसकट फाटकाबाहेर काढावंसं वाटलं.

रविवार, ९ फेब्रुवारी

वखारीतून लाकूड आलं. सागवान आहे, बघून जीव निवला. मी म्हटलं, चला, करा सुरुवात. तर म्हणतो, फळ्यांना आधी हवा खाऊ दे. शेडमध्ये प्रत्येक थरामध्ये बारीक काठ्या घालून त्यानं ती चवड रचली. लाकूड इथल्या हवेला रुळल्याशिवाय ठोकलं तर नंतर पिळतं म्हणे.

"किती दिवस हवा खाणार?" मी विचारलं.

"तीन-चार आठवडे तरी, बाबा."

मी जन्मभर छापखान्यात फोरमन होतो. लग्नाची पत्रिका लग्नाआधी छापून झाली पाहिजे, एवढं साधं शास्त्र आमचं. काम अंगावर ठेवलं की त्याला फाटे फुटतात. हा मनुष्य मात्र फाटे स्वतः लावतो. खांबांसाठी काँक्रीटचे ठोकळे ओतले होते, त्यातला एक दोन बोटं सरकलाय म्हणून संध्याकाळी फोडून काढला. दोन बोटं! मला तर चष्मा लावूनही दिसलं नाही. आता तो पुढच्या रविवारी परत ओतणार.

काम करता करता सारखा वर बघतो. मी त्याच्या नजरेमागे नजर नेली, तर खारूच्या खिडकीवरची, पावसात सांध्यातून गळणारी पन्हळ. म्हटलं, "पन्हळीचं नंतर बघू, आधी हे उरका." तो खाली बघून हसल्यासारखं करून पुन्हा कामाला लागला.

बुधवार, १२ फेब्रुवारी

खारू जेवताना म्हणाली की ती वकिलांना भेटली. आवाज अगदी सपाट होता, वाण्याकडे जाऊन आले म्हणावं तसा. हिनं हातातला डाव खाली ठेवला. मी विचारलं, "पक्कं आहे का तुझं?" ती म्हणाली, "बाबा, ज्या माणसाशी बोलता येत नाही त्याच्याबरोबर राहायचं कसं?"

तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण तोवर ती उठली होती.

रविवार, २३ फेब्रुवारी

आज भलतंच झालं. खांब उभे राहिले आहेत, लोखंडी बुटांत, जमिनीपासून वर. लाकूड मातीला टेकलं की कुजायला सुरुवात, हे आता मलाही पाठ झालंय. त्यावर मोठी तुळई चढवत होतो. मी एका टोकाला, तो दुसऱ्या. माझा पाय ओल्या मातीवरून सटकला आणि तुळई सुटली. ती माझ्या अंगावर येऊ नये म्हणून त्यानं मधेच हात घातला. तळहात फाटला, रक्त टपटप मातीत.

वरून धडधड पावलं आली. खारू. मागचं दार उघडून ती आली ती आडव्या फळीवर जवळजवळ आदळलीच. हातात कापूस, पट्टी, औषधाची बाटली. फळीच्या या बाजूला ती दारात, आणि त्या बाजूला खाली खड्ड्यात तो, हात वर धरून. तिनं फळीवरून वाकून त्याचा हात धुतला, पट्टी बांधली. पट्टी बांधायला केवढा वेळ लावला! शेवटी मीच म्हटलं, "झालं की गं, रक्त थांबलं."

फळी होती म्हणून बरं. नाहीतर घाईघाईत पडलीच असती.

रविवार, २ मार्च

तुळया बसल्या. पाणसळ ठेवून बघितलं तर बुडबुडा मधोमध. पण त्याला पाणी वाहून जायला घरापासून बाहेरच्या बाजूला अगदी हलका उतार हवा, म्हणून दुपारभर खालून पातळ पट्ट्या घालत बसला. माझं एव्हाना दोनदा रागावून झालं होतं.

मधेच खारूनं वरून हाक मारली, "बाबा, त्यांना विचारा, पायऱ्या कुठून येणार?"

तो पाच हातांवर उभा. म्हटलं, "ऐकलंस ना?"

"हो. तिला विचारा, कुठून हव्यात."

"झाडाच्या बाजूनं म्हणावं."

"तिकडे मुळं आहेत म्हणावं. पण करता येईल."

असा माझा टपालवाला झाला. माझी मान दुखायला लागली. आणखी एक, खिडकी दिवसभर उघडी होती. उकडायला लागलंय आता.

रविवार, ९ मार्च

खारूनं आज सकाळी केस धुतले, आणि धुतलेले कपडे वाळत घालायला बाजूच्या बोळातून बागेत आली. दोरी पलीकडे आहे, सरळ वाट सोडून ही तुळयांवरून निघाली, लहानपणी कुंपणावरून चालायची तशी. लहानपणी खिशात बिया, खडे, काय वाट्टेल ते भरून उड्या मारायची म्हणून तर तिचं नाव खारू पडलं.

तो म्हणाला, "सांभाळून."

ती थांबली. मग पलीकडे जाऊन कपडे घालायला लागली. बराच वेळ लागला तिला, कपडे काही फार नव्हते. सुरक्षेच्या बाबतीत मनुष्य जागरूक आहे, एवढं मान्य केलं पाहिजे.

एकूणच, मनाविरुद्ध लिहितो, माणूस वाईट नाही. फळीच्या टोकाला मेण लावताना असा हळुवार हात फिरवतो की बघत राहावं. टोकातूनच पाणी शिरतं म्हणे. पण माझ्या पोरीला ज्यानं रडवलं त्याचं कौतुक मी का करू?

गुरुवार, १३ मार्च

सह्यांची तारीख ठरली. सोमवार, ३१ मार्च. खारू ऑफिसातून आली आणि सरळ न्हाणीघरात गेली. नळ सोडून रडते म्हणजे आम्हाला ऐकू येत नाही, असं तिला वाटतं.

मला आता कळून चुकलंय. दर रविवारी तो समोर येतो आणि जखमेची खपली निघते. डेक एकदाचा संपला की त्याला यायचं कारण राहणार नाही. तारखेच्या आत हे संपवायचं. बापानं एवढं तरी करावं.

रविवार, १६ मार्च

आज माझा संयम सुटला. अर्ध्या फळ्या बसल्या होत्या. त्यानं चार फळ्या परत उचकटल्या! का, तर दोन फळ्यांमधली फट सारखी नाही. त्यानं एक नाणं फटीत घालून दाखवलं, इथे जातं, इथे अडतं.

"पाणी काही नाण्यानं मोजून जात नाही," मी ओरडलो.

"बाबा, टिकायला हवंय ना? मग वेळ लागणार."

"किती वेळ?"

तो खिडकीकडे, म्हणजे पन्हळीकडे, बघत म्हणाला, "एप्रिल जाईल. नंतर तेलाचे हात. प्रत्येक हात आठवडाभर वाळायला हवा. मग वर्षातून एकदा परत तेल."

वर्षातून एकदा! म्हणजे सह्या झाल्यावरही हा येतच राहणार? माझं डोकं फिरलं. मनात ठरवलं.

शुक्रवार, २१ मार्च

झालं! लिहितानाही छाती फुगते. ही मंगळवारी बहिणीकडे गेली, उद्या येईल. खारू दिवसभर ऑफिसात. मी बुधवारी चौकातल्या सुताराला गाठलं, तो आपल्या जोडीदाराला घेऊन आला आणि तीन दिवसांत सगळं उरकून मोकळा. हयगय नाही केली मी, फटी नाण्यानं मोजून घेतल्या, टोकांना मेण लावून घेतलं, स्क्रू गंज न धरणारे. पायऱ्या झाडाच्या बाजूनं. शेवटी मी स्वतः दारातली आडवी फळी काढली, दार सताड उघडलं आणि सरळ बाहेर चालत गेलो. चारदा उड्या मारल्या. हूं की चूं नाही.

संध्याकाळी खारूला डोळे मिटायला लावून दारात नेलं. डोळे उघडून ती बघतच राहिली.

"संपला?"

"संपला! आता कुणाला यायची गरज नाही. तू मोकळी."

"छान झालाय, बाबा," म्हणाली आणि वर गेली. जेवायला आली नाही. दमली असावी.

रविवार, २३ मार्च

तो नेहमीसारखा आला. पेटी, थर्मास आणि तेलाचा मोठा डबा. कोपऱ्यावरून वळला आणि जागच्या जागी उभा राहिला.

"झालं?" तो म्हणाला.

"झालं! म्हटलं तुझे रविवार कशाला फुकट घालवा."

तो गुडघ्यांवर बसला. फळीवरून हात फिरवला, नाणं न काढताच फटीला बोट लावलं. "चांगलं केलंय," म्हणाला. मग पेटी उघडली, आतल्या हत्यारांकडे बघितलं आणि बंद केली. मला वाटलं, काहीतरी खोट काढेल. वाद झाला असता तर बरं झालं असतं. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

जाताना त्यानं वर बघितलं. खारू खिडकीत होती, केस ओले. मी आज मुद्दाम पन्हळीकडे बघितलं. पन्हळ सुकी ठणठणीत होती. गेला महिनाभर पाण्याचा थेंब नाही, गळणार काय?

तो गेला. तेलाचा डबा फाटकाशी राहिला. खिडकी बंद झाल्याचा आवाज पहिल्या रविवारपेक्षा मोठा होता.

मंगळवार, २५ मार्च

दोन दिवस घरात भांड्यांशिवाय कुणी बोलत नव्हतं. आज हिनं मला डेकवर नेलं आणि म्हणाली, "बसा." मी बसलो.

"हे लाकूड त्यानं कशासाठी महिनाभर वाळत ठेवलं होतं?"

"पिळू नये म्हणून."

"आणि ठोकळा का फोडला?"

"दोन बोटं..."

"अहो, मी स्वतः मोजला होता. एक सूतभरही सरकला नव्हता तो."

मग ती म्हणाली, "तोंड उघडायला जमत नाही त्याला. हातानं जमतं. म्हणून मी बोलावलं. दर रविवारी तिची खिडकी बोटभर जास्त उघडत होती. आणि तुम्ही? तुम्ही दोघं एकाच माळेचे मणी. त्यानं पाळणा आवरला, तुम्ही डेक आवरलात. कुणाला विचारलंत?"

मी म्हटलं, मी तिच्यासाठीच केलं. ती म्हणाली, "तोही हेच म्हणाला असता, बोलला असता तर."

मला रडू आलं. इथे लिहायला लाज कसली? पट्टी बांधणं, टपालवाला होणं, ते "सांभाळून", ती उघडी खिडकी, सगळं एकामागून एक डोळ्यांसमोर आलं. आणि मी त्या पोरीला म्हटलं होतं, आता कुणाला यायची गरज नाही! सह्या सोमवारी. दुपारी दोनदा त्याला फोन लावला आणि तो "हॅलो, बाबा" म्हणाला की ठेवला. काय सांगायचं, डेक परत मोडतो म्हणून?

गुरुवार, २७ मार्च

संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं तर खारू डेकवर गुडघे टेकून बसलेली, पायऱ्यांजवळ. कानातलं पडलं असेल म्हणून मी बॅटरी शोधायला लागलो. तेवढ्यात ती आत आली, केस कपाळावर, धाप लागलेली, आणि आमच्यासमोर फोन लावला.

"मी बोलतेय. पायरीजवळची फळी हलतेय." मग तिकडचं ऐकून घेतलं. "हो. करकरते पण. येऊन बघ."

माझा फोरमन जागा झाला. हलतेय? मी स्वतः उड्या मारून बघितल्या आहेत! तोंड उघडलंच होतं, पण हिनं माझ्या पायावर पाय दिला. करकचून दिला, अजून ठणकतोय.

शनिवार, २९ मार्च

तो रविवारची वाट न बघता आजच आला. थर्मास नव्हता.

ही मला स्वयंपाकघरात घेऊन बसली, बाहेर जायला बंदी. पण दार उघडं होतं. त्या दारात आता फळी नाही, तेव्हा जे ऐकू आलं त्याला माझा इलाज नाही. तो फळीवर वाकला, खारू पायरीवर बसली. बराच वेळ स्क्रूड्रायव्हरचासुद्धा आवाज नाही. माझ्या हातातला चहा गार झाला. मला वाटलं, गेलं, हाही रविवार, म्हणजे शनिवार, असाच जाणार आणि परवा सह्या होणार.

मग खारूच बोलली. "पाळणा कुठे टाकलास?"

"टाकला नाही."

"मग?"

"सुटा केलाय." तो थांबला. इतका थांबला की हिनं माझं मनगट धरलं. "भागांवर नंबर घातलेत. तुझ्या जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवलाय. तू दारातून आलीस की पहिला तोच दिसला असता. मला वाटलं... तुला ते बघावं लागू नये."

"मला बघायचा होता रे," ती म्हणाली. "तुझ्याबरोबर. रिकामा तर रिकामा."

त्यानंतर तो रडला. मोठा माणूस असा रडलेला मी कधी ऐकला नव्हता. खारूही रडत होती. ही मला म्हणाली, "आता तरी चहा टाका," आणि मी चार कप टाकला. आमच्या घरचा चहा.

सोमवार, ३१ मार्च

खारू वकिलांकडे गेली नाही. फोन करून सांगितलं, सध्या नको. नवऱ्याकडेही गेलेली नाही. बॅगा अजून वरच आहेत. म्हणाली, "बाबा, घाई करू नका." मी म्हटलं, मी? मी कुठे घाई करतो?

तो काल आला होता. फळी बसवून गेला. तेलाचा पहिला हात पुढच्या रविवारी. जाताना आत येऊन, दारातून, हिला "येतो आई" म्हणाला.

आज झाडू मारताना मला पायरीखाली मातीत चार स्क्रू सापडले, गंज न धरणारे, माझ्याच सुतारानं घातलेले. काल त्यानं नवे घातले वाटतं, जुने कुठे गेले असं काही विचारलं नाही. खारूच्या खिशातून पडले असणार. मी ते धुतले, पुसले आणि डब्यात ठेवून दिले.

मग पेटीतून माझा स्क्रूड्रायव्हर काढला, घरात कुणी नाही हे बघून घेतलं, आणि पलीकडच्या टोकाच्या फळीचे दोन स्क्रू ढिले करून ठेवले.